फळांचे कॉकटेल घरच्या घरी

आपल्या घरात फळे कधी येतात? कुणी दवाखान्यात भरती झाले की पाहुणे पिशवीतून मोसंबी, सफरचंद घेऊन येतात. एरवी आधी पीठ-मीठ, मग उरले तर फळे, असा हिशेब असतो. तुटपुंज्या पगारात तो चुकीचाही म्हणता येत नाही. पण बाजारातल्या चार साध्या फळांत पाच-सहा जणांना वाटी-वाटी पुरेल असा गोड पदार्थ होतो. त्यासाठी आजार यायची वाट कशाला पाहायची?

कॉकटेल या नावाने दचकू नका. हा शब्द दारूच्या मिश्रणालाही वापरतात; पण फळांच्या फोडी पाकात एकत्र केल्या की त्यालाही तेच नाव आहे. यात दारूचा थेंबही नाही. पंचशील पाळणाऱ्या घरात ते निर्धास्तपणे करावे.

साहित्य : एक लहान अननस, अर्धी पिकलेली पपई, एक पिकलेला आंबा, दोन केळी, एक लिंबू, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ. थंडीत आंब्याऐवजी पेरू घ्यावा. पेरूत संत्र्याहून कितीतरी जास्त 'क' जीवनसत्त्व असते.

कृती : सर्व फळे चिरण्याआधी स्वच्छ धुवावीत. अननस घासून धुवून सोलावा. साली आणि मधला कडक दांडा फेकू नका. ते दोन पेले पाण्यात पंधरा मिनिटे उकळून पाणी गाळून घ्या. त्यात साखर आणि अननसाच्या बारीक फोडी घालून पाच मिनिटे शिजवा. पूर्ण गार झाल्यावर पपई, आंबा आणि मीठ घाला. केळी अगदी वाढायच्या वेळी चिरून त्यावर लिंबू पिळा, म्हणजे काळी पडत नाहीत.

अननस शिजवायचा कशाला, असे वाटेल. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे द्रव्य असते. ते दुधातील प्रथिने तोडते आणि दूध कडू होते. उकळल्यावर त्याचा जोर जातो. म्हणून मुलांसाठी यात कस्टर्ड घालायचे असेल, तर अननस शिजवलेलाच हवा.

गार करण्यासाठी बाहेरचा बर्फ फळांत टाकू नका. मासळी व कारखान्यांसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. तो ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 साली त्यात निळा रंग घालण्याचा नियम झाला. तरीही, पांढरा दिसला म्हणून विश्वास टाकू नये. पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवा, भोवती ओले फडके गुंडाळा. फ्रीज नसेल तर दोन तासांत संपवावे. मधुमेह असलेल्यांनी पाक घेऊ नये. फळेही डॉक्टरांना विचारून, बेतानेच खावीत.

आणि भगिनींनो, एक शेवटचे. वाढताना सगळ्या वाट्या एकदम मांडा. मुलगा-मुलगी दोघांना सारख्या फोडी द्या. तुमची वाटीही त्याच रांगेत ठेवा. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरलेला पाक पिणे, हा काही आईचा वाटा नव्हे.