माळवदावर माती किती?

पाण्यात टाकली की विरघळणारी माती छपरावर घातली की पाणी अडवते, याचं नवल मला आजही वाटतं. उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंब, परंडा. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यातल्या जुन्या गावठाणात शिरा, दगडी भिंती आणि त्यांवर सपाट मातीचं माळवद अजून दिसतं. दहा बाय दहाच्या खोलीवर इथल्या एका पावसाळ्यात ढोबळमानानं सात हजार लिटर पाणी पडतं. ते झेलायला ना पत्रा, ना कौल, ना डांबर. नुसती माती, आणि तीही घरच्यांनीच पाट्या वाहून वर चढवलेली.

ही किमया आतून पाहण्यासारखी आहे. खाली लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर फळ्या नाहीतर किलच्यांची दाट ओळ. त्यावर निंबाचा किंवा निरगुडीचा पाला, तुराट्या, पळाट्या, जे हाताशी असेल ते. मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. शेतातली काळी माती इथे चालत नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा देते. छपरावर एक भेग म्हणजे घरात धार. पांढरी माती जुन्या गावठाणातली. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना, पडलेल्या भिंतींचा गाळ यांनी तयार झालेली. ती फुगत नाही, फारशी भेगाळत नाही. पहिल्या सरींनी तिचे बारीक कण वरच्या फटींत बसतात, पृष्ठभाग दाबून जातो आणि पुढचं पाणी आत मुरण्याआधी उतारावरून पन्हाळीकडे पळतं. म्हणजे पाऊसच स्वतःची वाट बंद करून घेतो.

शिवाय ऊन. फूटभर मातीतून उष्णता पार व्हायला आठ-दहा तास लागतात. वैशाखातल्या दुपारचा ताव खोलीत पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते आणि माणसं माळवदावर झोपायला गेलेली असतात. चाळीस अंशांच्या पुढं पारा जाणाऱ्या मुलखात हे शहाणपण कुठल्या यंत्राशिवाय उभं राहिलं.

अर्थात माळवद राखावं लागतं. रोहिण्या लागल्या की घरोघरी हीच लगबग: उगवलेलं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळीतला गाळ काढायचा, गेल्या साली कुठं ठिबकत होतं ते आठवून तिथं माती टाकायची, पाणी शिंपडून चोपण्यानं चोपायची. यासाठी गवंडी बोलवत नाहीत. कोणत्या कोपऱ्यात गळतं हे घरातल्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं, कारण पावसाळाभर तिथं पातेलं तिनंच ठेवलेलं असतं. मृगाच्या तोंडावर आणखी एक थर पडतो आणि घर वर्षापुरतं निर्धास्त होतं.

आता या निर्धास्तपणाचा हिशेब करून पाहू. दहा बाय दहाच्या खोलीवर एक इंच सुकी माती म्हणजे साधारण पावणेचार क्विंटल. एक फूट म्हणजे साडेचार टन. पाऊस थोडी माती वाहून नेतो, पण सगळी नाही; थरावर थर साचत जातो. मराठवाड्यातल्या अनेक घरांवर हा थर दोन-अडीच फुटांपर्यंत गेला होता. म्हणजे एका खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर नऊ ते अकरा टन. कुणीही हे ओझं एका दिवसात चढवलेलं नव्हतं. आजोबांनी घर राखलं, वडिलांनी राखलं, मुलानं राखलं. प्रत्येकानं योग्य तेच केलं आणि त्या सगळ्याची बेरीज भयंकर झाली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. केंद्र लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ, पण लातूरइतकाच घाव तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यावर, लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यावर बसला. सास्तूरसारखी गावं दगडांचा ढीग झाली. जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंपशास्त्राच्या मोजमापात हा धक्का मध्यमच, सव्वासहाच्या आसपास. एवढ्या धक्क्यानं एवढी माणसं का जावीत, हा प्रश्न अभियंत्यांनाही पडला आणि त्याचं उत्तर त्यांना भिंतीच्या पोटात सापडलं.

दोन-तीन फूट रुंदीची ती भिंत एक नसते, दोन असतात. बाहेरून एक दगडी अंग, आतून एक, मध्ये चिखल आणि चिपा. दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड कुठं असतो, कुठं नसतो. वर्षानुवर्षं मधला भराव खाली बसतो, पाणी मुरतं आणि भिंतीला पोट येतं. जमीन हलली की दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटतात आणि वरचं जडशीळ माळवद जितक्या जोरानं हेलकावतं तितक्या जोरानं त्यांना ढकलतं. धक्क्याचा जोर वजनावर ठरतो. छपराचं वजन दुप्पट झालं की भिंतीला बसणारा हिसकाही दुप्पट. आणखी एक गोष्ट तेव्हा पाहणाऱ्यांच्या ध्यानात आली. जिथं खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, अशा काही घरांत चारी भिंती ढासळल्या आणि माळवद मात्र खांबांवर तसंच उभं राहिलं. सुताराच्या कामानं शेवटपर्यंत साथ दिली होती.

यातूनच दुरुस्तीची एक पद्धत आकाराला आली आणि ती मला माळवदाइतकीच सुंदर वाटते. रुरकीचे भूकंप-अभियंते प्रा. आनंद स्वरूप आर्य यांनी अशा घरांसाठी जे उपाय सांगितले ते गावातल्या गवंड्याला जमण्याजोगे होते. भिंतीतला एक दगड हळूच सैल करून काढायचा, आतला भराव कोरायचा, पलीकडचा दगड काढायचा. तीन इंचांचं आरपार भोक झालं. त्यात एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी असं काँक्रीट अर्धं भरायचं, दोन्ही टोकांना आकडे वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची, वरून उरलेलं काँक्रीट दाबायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. मीटरमीटरच्या अंतरानं अशी भोकं भरली की सुटी असलेली दोन अंगं एकमेकांना धरतात. खांब आणि तुळई जुळते त्या कोनात तिरपी लाकडी किंवा लोखंडी पट्टी ठोकायची. चौकोन हा जुन्या बाजेसारखा कलतो, त्रिकोण कलत नाही. एका तिरप्या पट्टीनं चौकोनाचे त्रिकोण होतात. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय: माळवदावरची माती काढायची. वीस सेंटिमीटर ठेवायची, तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा. पाणी कागद अडवतो, ऊन माती अडवते.

जागतिक बँकेच्या मदतीनं १९९४ पासून जो पुनर्वसन कार्यक्रम चालला, त्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, हे सगळ्यांना आठवतं. त्याहून मोठं काम कमी आठवतं: सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी घरमालकांनी स्वतः, आपापल्या जागी करायची होती, सरकारनं पैसे आणि सल्ला द्यायचा. हजाराहून जास्त गावांत बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना सोबत केली. सिमेंट किती, सळई कुठं, तिरपी पट्टी कशासाठी, हे त्या घरोघरी सांगत आणि कामावर नजर ठेवत. तरी दगडाची धास्ती इतकी बसली होती की पुष्कळांनी जुनं घर तसंच ठेवून शेजारी विटांची किंवा ब्लॉकची नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. पण त्यामुळे अनेक माळवदं डागडुजीविना राहिली, आणि त्यांतल्या काहींखाली अजून माणसं झोपतात, कडबा असतो, जनावरं असतात.

वजनाचं हे भान या मातीला नवं नाही. याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेली बाजारपेठ. तिथल्या जुन्या मंदिरांच्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. हलकं आणि टिकाऊ असं बांधता येतं, हे तेरच्या वीटभट्टीवाल्यानं शेकडो वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

तुमचं माळवदाचं घर असेल तर जाडी मोजणं सोपं आहे. सवण्यातून, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकातून, एक काठी सरळ धरा: फळीच्या वरच्या अंगापासून मातीच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या डोक्यावरचा थर. सवण्याला वर कठडा बांधला असेल तर तेवढी उंची वजा करा. मग भिंतीला बाहेरून दोरी लावून पोट आलंय का पाहा, खांबाचा बुंधा वाळवीनं पोखरलाय का तो टोचून पाहा. पोट आलेलं असेल किंवा खांब पोकळ लागला तर स्वतः हात घालू नका. आधी टेकू द्या आणि जाणता गवंडी बोलवा, वर ओझं असताना दगड काढायचा नाही. माती उतरवायची ती मात्र घरच्यांनाच उतरवता येते. कोरड्या दिवसांत, थोडी थोडी, सगळीकडून सारखी, काढलेल्या मातीचा ढीग माळवदावरच न लावता.

येत्या मृगाआधी पाटी उचलाल तेव्हा आधी माप घ्या. वीतभराहून जास्त भरलं, तर यंदा माती वर चढवू नका, खाली उतरवा.