उंच केलेली जीप आणि तीन अंशांची तडजोड

युटामधल्या मोॲब गावाबाहेरच्या कॅम्पवर संध्याकाळी चहा टाकला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन कुटुंबं मिळून कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कातल्या व्हाइट रिम रोडवर निघणार होतो. सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता, वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही. परवाना कित्येक महिने आधी काढून ठेवलेला. मुलाचा चेंडू गाडीखाली गेला म्हणून मी वाकले, तर गाडीच्या पोटावर काळ्या ग्रीसचे गोलाकार शिंतोडे दिसले. कोणीतरी गोल फिरवून रंग उडवावा तसे.

पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा रबरी बूट फाटला होता. आम्ही व्हाइट रिमला गेलो नाही. मुलं रुसली आणि मोठ्यांपैकीही एकदोघांचे चेहरे पडले. तो निर्णय बरोबर का होता, आणि शाफ्ट बदलल्यावरही माझं काम का संपलं नाही, ते आज तुम्हाला सांगते. तुमच्याकडे उंच केलेली गाडी असेल किंवा सेकंडहँड घ्यायचा विचार असेल, तर यातलं बरंच थेट उपयोगी पडेल. नसेल, तरी एका साध्या सांध्यामागचं गणित पाहायला मिळेल.

उंची वाढली की काय बदलतं?

आमची रँगलर सेकंडहँड. आधीच्या मालकाने तिला साडेतीन इंचांची लिफ्ट आणि ३५ इंची टायर बसवले होते. शाफ्ट मात्र मूळचाच ठेवला होता. दोष गाडीचा नव्हता. तो शाफ्ट मूळ उंचीसाठी बनवलेला होता आणि त्या उंचीवर तो व्यवस्थित चालतो.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिथून एक शाफ्ट मागच्या ॲक्सलकडे जातो आणि एक पुढच्या. लिफ्ट बसवली की गाडीची चौकट वर जाते, पण ॲक्सल चाकांबरोबर खालीच राहतो. म्हणजे शाफ्टचं एक टोक वर गेलं आणि दुसरं जागेवर राहिलं. समजा शाफ्ट ९० सेंटिमीटरचा आहे आणि वरचं टोक ९ सेंटिमीटर उचललं. साधी त्रिकोणमिती केलीत तर उतार सुमारे ६ अंशांनी वाढला. सहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात. सांध्याला ते किरकोळ नसतात.

मूळ शाफ्टला ट्रान्सफर केसच्या बाजूला झेप्पा जॉइंट असतो. आल्फ्रेड झेप्पा या फोर्डमधल्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात तो शोधला. त्यात सहा पोलादी गोळ्या असतात आणि दोन्ही शाफ्टमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात त्या राहतील अशी पिंजऱ्याची रचना असते. त्यामुळे एका बाजूचा वेग दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा पोचतो. सांधा उत्तम आहे, पण तो ग्रीसवर जगतो आणि ग्रीस सांभाळायचं काम रबरी बुटाचं. कोन वाढला की बुटाची एक बाजू ताणली जाते, दुसरी चुरगळते, आणि प्रत्येक फेऱ्यात या बाजू बदलतात. शेवटी घडीवर चीर पडते. माझं रोजचं संशोधन पॉलिमरवर आहे, त्यामुळे चीर पाहून मला नवल वाटलं नाही. तोवर गाडीखाली कधी वाकून पाहिलं नव्हतं, याची मात्र लाज वाटली.

ग्रीस उडून गेलं आणि धूळ आत गेली की गोळ्या कोरड्या घासतात, तापतात आणि सांधा फुटतो. चालत्या गाडीत शाफ्ट सुटला तर तो दांडक्यासारखा आपटत फिरतो. शेजारीच गिअरबॉक्सचं तेलाचं पॅन असतं. ते फुटलं तर गाडी तिथेच थांबते. व्हाइट रिमच्या मधोमध तीन लहान मुलांबरोबर तसं थांबायची माझी तयारी नव्हती.

यात आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. या पिढीच्या रँगलरमध्ये, म्हणजे २००७ ते २०१८ च्या जेके मॉडेलमध्ये, पुढची चाकं शाफ्टपासून सोडवायची सोय नाही. तुम्ही हायवेवर टू-व्हील-ड्राइव्हमध्ये असलात तरी पुढची चाकं पुढच्या शाफ्टला फिरवत राहतात. म्हणून "फोर-व्हील वापरत नाही, मग काय होणार" हा हिशेब इथे चुकतो. आम्ही कॅम्पवरच पुढचा शाफ्ट सोडवला, मागे सामानात टाकला आणि फक्त मागच्या चाकांवर सावकाश घरी आलो.

हूकचा सांधा आणि मामाची खूण

बदली म्हणून मी डबल कार्डन शाफ्ट मागवला. ट्रान्सफर केसकडे दोन क्रॉस जवळजवळ जोडलेला सांधा, ॲक्सलकडे एक क्रॉस आणि मध्ये लांबी कमीजास्त होणारा सरकता भाग. आपल्याकडच्या ट्रकखाली जो 'प्रोपेलर' दिसतो, त्याच कुळातला. त्यात फाटायला बूट नाही, ग्रीस निपलमधून भरता येतं आणि जास्त कोन सहन होतो.

पण क्रॉसवाल्या सांध्याची एक जुनी खोड आहे. कोनात असताना तो वेग सारखा पोचवत नाही. एका बाजूने एकसमान फिरवा, दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे पडते. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात हे ओळखलं होतं. त्याला त्यात सूर्यघड्याळाच्या सावलीची चाल दिसली, कारण तीही दिवसभर एकसमान सरकत नाही. या सांध्याला कार्डानोचं नाव असलं तरी त्याची ही चाल हूकने उलगडली.

किती फरक पडतो? कोन ६ अंश असेल तर वेग सरासरीच्या सुमारे अर्धा टक्का वरखाली होतो. १५ अंशांना साडेतीन टक्के, ३० अंशांना पंधरा टक्क्यांच्या आसपास. या धक्क्यांची तीव्रता कोनाच्या वर्गाबरोबर वाढते. कोन दुप्पट झाला तर धक्का चौपट. शाफ्टचा वेग दुप्पट झाला तरी चौपट.

उपायही हूकनेच १६८३ मध्ये सुचवला: दोन सांधे असे जोडा की एकाची चूक दुसरा खोडून काढेल. त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांची दुबेळकी एका रेषेत हवीत. डबल कार्डनमध्ये हे दोन सांधे एकाच घरात शेजारी बसवलेले असतात.

शाफ्ट आला त्या रात्री मिरजेला मामाला फोन केला. मामाने आयुष्य ट्रकच्या गॅरेजात काढलंय.

"सरकता भाग ओढून बघितलास का?" मामाने विचारलं.

"हो मामा, पूर्ण बाहेर काढून ग्रीस लावलं."

"आणि काढायच्या आधी खूण केलीस?"

मी गप्प.

"अगं पोरी, एक दात जरी चुकवून बसवलास ना, तर गाडी खुळखुळ्यासारखी हलेल. दोन्हीकडची दुबेळकी समोरासमोर धरून बघ, मग घाल आत."

हूकची दुसरी अट मामाने एका वाक्यात सांगितली होती. मी शाफ्ट जमिनीवर ठेवून पाहिला, तर खरंच एक दात चुकला होता.

नवा शाफ्ट, नवी घरघर

बसवायचं काम एका शनिवारचं. सपाट जागा, मागच्या चाकांना ओट, पुढची बाजू स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. ॲक्सलच्या बाजूला पिनियनचा नट सोडून नवा योक बसवायचा होता. तो नट म्हणजे साधा नट नव्हे. आतल्या बेअरिंगवर किती दाब राहायचा ते तो ठरवतो. म्हणून आधी त्याच्या जागेची खूण करा आणि गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच घट्ट करा. हात बसलेला नसेल तर एवढं काम गॅरेजकडे द्या. एक्झॉस्ट पाइपला शाफ्ट घासत नाही ना, तेही पाहा. २०१२ नंतरच्या मॉडेलमध्ये पाइप फार जवळून जातो.

रविवारी हायवेवर निघाले. ताशी १०० किलोमीटरला पायाखाली एक खोल घरघर सुरू झाली. नवऱ्याचं म्हणणं, टायरचं बॅलन्सिंग. मला खात्री नव्हती, पण ते तपासता येण्यासारखं होतं.

तुम्हीही हा हिशेब करू शकता. ३५ इंची टायर एका फेऱ्यात सुमारे २.८ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला दहा फेरे घेतो. आमच्या ॲक्सलचं गुणोत्तर ४.१०, म्हणजे शाफ्ट सेकंदाला सुमारे ४१ फेरे घेतो. आता तीन संशयित:

- टायरमधला असमतोल असेल तर कंप सुमारे १० हर्ट्झचा.
- शाफ्टमधला असमतोल असेल तर सुमारे ४१ हर्ट्झचा.
- सांध्याच्या कोनाचा दोष असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा, म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झचा.

आधी फोनचं कंप मोजणारं ॲप लावलं. ते सेकंदाला १०० नोंदी घेत होतं. अशा नोंदींतून ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसत नाही, म्हणून ते बाद केलं आणि फोनच्या माइकवर आवाज रेकॉर्ड केला. घरी वर्णपट काढला, तर शिखर ८० च्या जरा वर. टायर निर्दोष, शाफ्ट निर्दोष. चूक कोनाची, म्हणजे माझी.

एकच वेल्ड, दोन मालक

अशा शाफ्टमध्ये डबल कार्डन स्वतःची चूक स्वतः खोडतो. ॲक्सलकडच्या एकट्या क्रॉसची चूक खोडायला मात्र कोणी नसतं. म्हणून तिथला कोन शून्याच्या जवळ हवा. पिनियनने सरळ शाफ्टकडे पाहायला हवं. मी मोजला तर तो ६ अंश निघाला. (मोजताना गाडी चाकांवर उभी हवी. चौकटीखाली स्टँड लावले तर ॲक्सल खाली लटकतो आणि आकडे खोटे येतात.)

खालचे कंट्रोल आर्म कमीजास्त करून ॲक्सल फिरवता येतो. मी तो ५ अंश फिरवून पिनियन वर केलं. घरघर पार गेली. पण हायवेवर स्टिअरिंग एकदम हलकं झालं. वळणानंतर ते आपणहून सरळ येईना आणि वाऱ्याच्या झोताने गाडी लेन सोडू लागली. पुढच्या एक्झिटला बाहेर पडले तेव्हा हात थरथरत होते.

कारण सोपं होतं. पुढच्या ॲक्सलमध्ये पिनियनचं घर आणि चाकं वळवणाऱ्या सांध्यांच्या बैठका एकाच अंगाला पक्क्या जोडलेल्या असतात. त्या बैठकांचा मागे झुकलेला कोन म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो तसा. गाडी सरळ ठेवायचं काम तो करतो. पिनियन एक अंश वर केलं की कॅस्टर बरोबर एक अंश कमी होतो. माझा कॅस्टर आधी ७ होता, आता २ उरला होता. शाफ्टला हवं ते दिलं, ते स्टिअरिंगच्या खिशातून.

मग मधली जागा शोधली: सांध्यात ३ अंश, कॅस्टर ४. कोन सहाचा निम्मा झाला, म्हणून धक्का चौथ्या हिश्श्यावर आला. हायवेवर पुढच्या शाफ्टवर इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे एवढं त्याला चालतं. ताशी ११० ला कान देऊन ऐकलं तर बारीक गुणगुण येते. स्टिअरिंग मात्र सरळ येतं. दोन्ही एकदम पूर्ण मिळणार नसतील, तर घरघर थोडी सोसायची आणि स्टिअरिंग सांभाळायचं, हा माझा क्रम आहे.

उंच केलेली गाडी घेत असाल तर बघायला जाताना टॉर्च न्या. शाफ्टचा बूट, गाडीच्या पोटावरचे ग्रीसचे शिंतोडे आणि कंट्रोल आर्म बदलता येण्याजोगे आहेत का, ते पाहा. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरचा आकडा मागा. लिफ्टच्या किंमतीत शाफ्ट आणि कंट्रोल आर्म धरलेले नसतील, तर ते पैसे अजून द्यायचे आहेत असं समजा.

व्हाइट रिमचा परवाना पुन्हा मागितला आहे. या वेळी निघायच्या आधी गाडीखाली मी स्वतः जाणार आहे.