विश्लेषण : वर्षासहलीत धबधब्याचे पाणी अचानक कसे वाढते?

शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर बेत ठरतो आणि रविवारी सकाळी दोन गाड्या घाटाकडे निघतात. मित्र, त्यांची मुले, कधी आजी-आजोबाही. वाटेत वडापाव आणि दिसेल त्या पहिल्या धबधब्यात भिजणे. सह्याद्रीतल्या बहुतेक वर्षासहली अशाच असतात आणि बहुतेक सुखरूप परततात.

३० जून २०२४ चा रविवार तसा नव्हता. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील डोंगरातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलेही होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले हे कुटुंब अनेकांनी मोबाइलवर पाहिले. पुणे जिल्हा प्रशासनाने नंतर धोक्याच्या पर्यटनस्थळांवर जमावबंदी लागू केली. पण ते खडकावर गेले तेव्हा पाणी इतके नव्हते. मग ते वाढले कसे?

पाणी येते कुठून?

धबधब्याचे पाणी तिथे पडलेल्या पावसाचे नसते, ते वरच्या डोंगराचे असते. जेवढ्या उतारावरचे पाणी एका ओढ्यात उतरते, तेवढे त्याचे पाणलोट क्षेत्र. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. वर जंगलात दोन चौरस किलोमीटरच्या पाणलोटात तासाभरात ५० मिमी पाऊस झाला, तर ते होते १० कोटी लिटर. यातले निम्मे मुरले किंवा अडले असे धरले तरी ओढ्यात सेकंदाला सुमारे १४ हजार लिटर पाणी येते. म्हणजे १० हजार लिटरचा टँकर दर सेकंदाला रिकामा होतो आणि वर आणखी थोडे!

प्रत्यक्षात फार मुरतही नाही. खाली बेसाल्टचा कठीण खडक, त्यावर मातीचा पातळ थर आणि जुलैपर्यंत तोही भिजून गच्च झालेला. उतार तीव्र असल्याने लोंढा खाली यायला काही मिनिटे पुरतात. त्या वेळी धबधब्यापाशी कदाचित नुसती भुरभुर असते, एखाद्या वेळी ऊनही.

गुडघाभर पाणी एवढे धोकादायक का?

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. वेगाने वाहणारे सहा इंच पाणीही प्रौढ माणसाला पाडू शकते, असे अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते. इथे तर पायाखाली शेवाळलेला खडक आणि हातात मुलाचा हात असतो. पोहता येणे इथे जवळपास निरुपयोगी.

आधी कळू शकते का?

बऱ्याचदा कळते. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज घुमू लागला किंवा मघाशी उघडा दिसणारा दगड बुडाला, तर सेल्फी अर्धवट सोडून मुलांना आधी काठावर आणि मग वर न्यावे. काही वेळा मात्र एवढीही सवड मिळत नाही.

हवामान विभागाच्या इशाऱ्याचा रंग पाहावाच, विशेषतः घाटमाथ्यासाठी वेगळा दिला असेल तो. पण ‘अति मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी पाऊस. तो दिवसभर पडेल की दोन तासांत कोसळेल, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी निघताना पुढील तीन तासांचा अंदाज पाहणे जास्त उपयोगी.

मग मुलांना घेऊन जायचे कुठे?

ओढ्यात न उतरताही भिजता येते. माथेरानला दस्तुरीपाशी गाडी सोडली की लाल मातीची वाट झाडीतून जाते आणि मोटारींचा त्रास नसतो. भाजे किंवा कान्हेरी लेणी पायऱ्यांनी गाठता येतात, पाऊस वाढला तर डोक्यावर छप्परही मिळते. कठडा नसलेल्या कड्यापासून मात्र लांबच राहावे. धबधबा समोरच्या डोंगरावरचा पाहावा, तो फोटोतही पूर्ण येतो.

एवढे करूनही परतीच्या वाटेवरचा ओढा फुगला असेल, तर दोर किंवा साखळी करून ओलांडू नये. आहे त्याच काठावर उंच जागी थांबावे, रेंज असेल तर ११२ ला फोन करावा. पाणलोट लहान असेल तर पाऊस ओसरल्यावर असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात. पिशवीत कोरडे कपडे, बिस्किटे आणि टॉर्च असली की तेवढा वेळ काढता येतो.