माझ्या चिकूला हात लावाल तर...

'माझ्या कुत्र्याला कुणी हात लावला ना, तर हात तोडीन!' सकाळी सातला आमच्या गल्लीत कुत्री फिरवणाऱ्यांचा कट्टा जमतो. तिथे हे वाक्य दर दोन दिवसांनी ऐकू येतं. बोलणारे कोण? एक सॉफ्टवेअरवाला, एक बँकेतली, एक सीए. एरवी रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठीही न भांडणारी मंडळी! मीही त्यातलीच. चिकूवर कुणी काठी उगारली तर माझंही डोकं सटकतं. पण ते सटकल्यावर कायदा आपल्या बाजूनं कुठवर येतो, हे माहीत असलेलं बरं.

पहिला धक्का म्हणजे, कायद्याच्या नजरेत चिकू माझी लेक नाही, मालमत्ता आहे. जशी बाइक, तशी चिकू. ऐकायला वाईट वाटतं, पण आपला फायदा यातच आहे. जुन्या आयपीसीच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये शरीराबरोबरच मालमत्तेच्याही खासगी बचावाचा हक्क आहे. कुणी चिकूला लाथा घालत असेल, तर त्याला ढकलणं, हातातली काठी हिसकावणं, हे या हक्कात बसतं.

आता अटी बघा. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल, तर हा हक्कच नाही. आणि समोरच्याचं मारणं चालू आहे, तोवरच तुमचा बचाव चालू. तो पळाला आणि तुम्ही मागे धावून दोन ठेवून दिल्यात, की ती झाली मारहाण. त्याला कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरीचं थोडं वेगळं आहे. कुत्रा पळवून नेणाऱ्याला तो पसार होईपर्यंत किंवा कुत्रा परत मिळेपर्यंत अडवता येतं.

गेल्या पावसाळ्यात गेटपाशी एक बाइकवाला फोनवर बोलत थांबला होता. चिकूनं त्याचं टायर हुंगलं, तर त्यानं सरळ लाथ घातली. दुसऱ्यांदा पाय उचलला तेव्हा मी त्याला खांद्यानं ढकललं आणि चिकूला मागे ओढलं. शिव्या देत त्यानं बाइक सुरू केली. त्याची पाठ माझ्याकडे होती आणि माझ्या हातात चिकूची साखळी. खरं सांगते, हात शिवशिवत होता. पण त्या क्षणी चिकू सुरक्षित होती. साखळी फिरवली असती तर ती तिच्यासाठी नव्हे, माझ्या रागासाठी. मी गाडीचा नंबर टिपला आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. बरगडीला मुका मार होता.

मग तक्रार केली तर काय मिळतं? प्राण्याला ठार मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं, तर कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या लाथेला मात्र १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! म्हणूनच अनेकांना वाटतं, आपणच हिशेब चुकता करावा. मोह इथेच होतो आणि आपण गोत्यात येतो तेही इथेच.

आणि हल्ला करणारं भटकं कुत्रं असेल तर? माझी चिकू रस्त्यावरूनच आलेली. समोरचं कुत्रंही तेच, फक्त त्याला घर मिळालेलं नाही. छत्री उघडा, पाणी फेका, मोठ्यानं ओरडा. मध्ये हात घालू नका. सोडवण्यापुरता जोर लावणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन त्याला शोधणं वेगळं. त्या दुसऱ्या दिवशी आरोपी तुम्ही असता. कुणालाही चावा बसला, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा, तुमचा आणि कुत्र्याचाही.

कट्ट्यावर न बोलला जाणारा एक मुद्दा राहिला. कधीकधी चूक आपल्याच लाडोबाची असते. तो कुणाच्या अंगावर गेला आणि त्या माणसानं स्वतःला वाचवायला पिशवी फिरवली, तर बचावाचा हक्क त्याचा. शिवाय जनावर नीट न सांभाळल्याबद्दल कलम २९१ खाली आपल्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा पट्टा घट्ट धरा, लसीचं कार्ड जपून ठेवा, गेटवरचा सीसीटीव्ही चालू आहे का ते बघा. प्रसंग आलाच, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा फटका मी मारला नाही, तर माझ्या कुत्र्याला आत्ता, या क्षणी इजा होणार आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर हात खाली घ्या. पोलीस ठाण्यात अडकलेल्या मालकाचा कुत्र्याला काय उपयोग? संध्याकाळी त्याला फिरवायला कोण नेणार?