अक्षराचे बोट धरून कवितेकडे

वाढदिवसाचे अभीष्टचिंतन असो वा सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ, सत्कारमूर्तीच्या नावातील एकेक अक्षर घेऊन त्यावर एकेक ओळ रचण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचत गेले की नाव उमटते आणि सभागृहात टाळ्या पडतात. 'ॲक्रोस्टिक' या नावाने पाश्चात्त्य शाळांत रुजलेला हाच प्रकार आद्याक्षरी कविता होय. नावाऐवजी 'पाऊस', 'पेरणी', 'गोदावरी' असा एखादा विषयदर्शक शब्द दिला, की तो लेखनाचा उत्तम अभ्यास ठरतो. मात्र या रचनेला केवळ शब्दांची करमणूक मानणे हा तिच्यावर अन्याय आहे.

जुनी परंपरा

मराठवाड्याच्या मातीला हा प्रकार परका नाही. तेराव्या शतकातील महदंबा या आद्य मराठी कवयित्रीच्या नावावर 'धवळ्यां'बरोबरच 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' हे काव्य आहे. मातृका म्हणजे वर्णमालेतील अक्षरे. त्यांच्या क्रमाने रचना पुढे जाते, म्हणून ते 'मातृकी'. महदंबेच्या महानुभाव पंथाला पूज्य असलेले माहूर नांदेड जिल्ह्यातच आहे.

नांदेडचा दुसरा धागा शीख परंपरेचा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी येथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात गुरू नानकांची 'पट्टी' ही रचना आहे. पट्टी म्हणजे मुलांची लिहिण्याची पाटी. वर्णमालेतील एकेक अक्षर घेऊन एकेक कडवे रचलेले आहे. कबीरांची आणि गुरू अर्जुनदेवांची 'बावन अखरी' हीदेखील याच जातीची. पुढे अठराव्या शतकात मोरोपंतांनी रामकथा सांगताना अक्षरांचे अनेक खेळ केले. 'निरोष्ठ रामायणा'त त्यांनी ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य केली. 'म' हे ओष्ठ्य अक्षर असल्याने 'राम' हा शब्दच न वापरता रामकथा सांगण्याची ही प्रतिज्ञा होती!

या सर्वांच्या मुळाशी एक व्यावहारिक कारणही दिसते. पोथी हाताशी नसली तरी अक्षरांचा क्रम स्मरणात असतो. पुढचे अक्षर आठवले की पुढचे कडवे आठवते. आजच्या नवोदितालाही अक्षर असाच आधार देते. कोऱ्या कागदासमोर 'पावसावर कविता लिहा' असे म्हटले, तर मूल गांगरते. 'पा'पासून एक ओळ लिही म्हटले, की त्याला पाऊल टाकायला पायरी मिळते.

मराठीचे नियम

इंग्रजीत एकेक वर्ण सुटा असतो. मराठीत मात्र स्वरचिन्हासह अक्षर हाच घटक मानणे स्वाभाविक ठरते. म्हणून 'लातूर' या शब्दाच्या ओळी तीन : ला, तू, र. नवशिक्यांना काना-मात्रेची सवलत द्यावी. 'तू'ऐवजी 'त' चालवून घ्यावा. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरावे. 'दुष्काळ'मधील 'ष्का'साठी 'का' घ्यावा.

खरी अडचण 'ण' आणि 'ळ' यांची. नित्याच्या मराठीत या अक्षरांनी शब्द सुरू होत नाहीत. मग 'पेरणी'तील 'णी' आणि 'दुष्काळ'मधील 'ळ' यांचे काय करावे? सोपा उपाय असा, की त्या ओळीचा आरंभ मोकळा सोडून तिचा शेवट त्या अक्षराने करावा. 'आभाळ' शब्दावर संपणारी ओळ 'दुष्काळ'चा 'ळ' सहज पेलते. मात्र ही सवलत लिहायला बसण्यापूर्वीच सर्वांना सांगावी.

एक उदाहरण

लातूरला पाणी पुरवणाऱ्या 'मांजरा' नदीचे नाव घेऊ. प्रथम प्रत्येक अक्षरापुढे सुचतील तेवढे शब्द लिहावेत. 'ज' म्हटल्यावर आधी 'जल हेच जीवन' सुचेल. ते भिंतीवरचे घोषवाक्य आहे, म्हणून ते खोडावे. त्यानंतर जत्रा, जखम, जमीन असे शब्द येतील, आणि लातूरकराला 'जलदूत'ही आठवेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी ही रेल्वेगाडी. तिच्या पहिल्या खेपेत दहा टँकरांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. आता ओळी अशा होतील :

मांडून ठेवल्या घागरी अंगणात ओळीने
जलदूताची शिटी ऐकून जागी झाली गल्ली
राखून ठेवते आजी अजूनही शेवटचा तांब्या

ही थोर कविता नव्हे. पण 'पाणी वाचवा' हा उपदेश न करता ती पाण्याविषयी बोलते. 'रा' या अक्षराची अट नसती, तर आजीचा राखलेला तांब्या कदाचित सुचलाच नसता. अक्षर आपल्याला सवयीच्या वाटेवरून बाजूला नेते, हाच त्याचा खरा उपयोग.

शब्द निवडताना

शब्द देणाऱ्यावरही जबाबदारी असते. 'निसर्ग', 'देशभक्ती' अशा मोघम शब्दांतून मोघम ओळीच निघतात. उंबरा, बाजार, रहाट, वाडा असे डोळ्यांसमोर उभे राहणारे शब्द द्यावेत. काही शब्द जपून हाताळावेत. 'किल्लारी' हा या भागात केवळ तीन अक्षरी शब्द नाही, हे उघड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे हजारो माणसे गाडली गेली. हा शब्द द्यायचाच असेल, तर मुलांना आधी घरातील वडीलधाऱ्यांकडून ती पहाट ऐकून येण्यास सांगावे आणि मगच पेन हाती द्यावे. ऐकलेली एक खरी गोष्ट दहा अलंकारिक ओळींपेक्षा मोलाची असते.

अखेरची कसोटी सोपी आहे. कविता पूर्ण झाली की डावीकडची अक्षरे बोटाने झाकावीत आणि ती दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावी. दडलेला शब्द ठाऊक नसतानाही ऐकणारा क्षणभर थांबला, तर कविता साधली. तो शब्द कळल्यावरच दाद मिळत असेल, तर ते कोडे झाले. कोडे घालण्यातही गंमत आहे, पण अक्षराचे बोट धरून आपण निघालो होतो ते कवितेकडे, याचा विसर पडू नये.