स्वल्पविराम : श्वास की कात्री?

मराठी शाळेत शिकलेल्यांना स्वल्पविरामाचा एकच नियम पाठ असतो : वाचताना थोडे थांबायचे तिथे तो द्यायचा. मराठीत हा नियम बहुधा निभावून नेतो. इंग्रजीत मात्र दगा देतो.

मोडी कागदपत्रांत विरामचिन्हे नव्हती; शब्दही सलग लिहीत. पोथ्यांत दंड असे, तेवढाच. आजची चिन्हे इंग्रजीतून आली. मेजर टॉमस कँडी यांनी ती मराठीत रूढ केली आणि १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहिली. पुढे ‘कॉमा’ला आपल्याकडे जे नाव रुळले, त्यात ‘विराम’ आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘कापलेला तुकडा’. आपण त्याला श्वास समजतो. इंग्रजीत तो कात्रीचे काम करतो.

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या फलकांवर इंग्रजी नोटिसा लागतात. समजा, एकीत लिहिले आहे : ‘मेंबर्स हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स विल बी चार्ज्ड इंटरेस्ट.’ म्हणजे ज्यांनी मेंटेनन्स थकवला, त्यांनाच व्याज. आता ‘मेंबर्स’नंतर एक आणि ‘मेंटेनन्स’नंतर एक स्वल्पविराम द्या. अर्थ पालटतो : सगळेच सभासद थकबाकीदार आणि सगळ्यांनाच व्याज! वेळच्या वेळी पैसे भरणाऱ्याची इभ्रत दोन टिंबशेपट्यांनी गेली.

हे स्वल्पविराम आपल्या हातून पडतात, कारण ‘ज्यांनी पैसे भरले नाहीत, त्यांना व्याज लागेल’ या मराठी वाक्यात स्वल्पविराम शोभतो. तिथे ‘ज्यांनी-त्यांना’ ही जोडी अर्थ बांधून ठेवते. इंग्रजीतल्या ‘हू’ला अशी जोडी नाही, तो भार स्वल्पविरामावर पडतो.

न्यायालयातही हा भार तोलला गेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २७ मध्ये विक्रीसाठी उत्पादन, विक्री, आणि ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ असे शब्द होते. प्रश्न असा की नुसता साठा बाळगणे गुन्हा, की विक्रीसाठी बाळगणे? उत्तरावर माणसाची कैद अवलंबून. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दाखवून दिले की आधीच्या शब्दांपुढे स्वल्पविराम आहे, ‘स्टॉक्स’पुढे नाही, म्हणून ‘फॉर सेल’ हे शब्द साठ्यालाही लागू. विक्रीचा हेतू नसेल, तर नुसता साठा या कलमाखाली गुन्हा नाही.

श्वासाच्या सवयीने आणखी दोन चुका होतात. ‘द सेक्रेटरी ऑफ अवर सोसायटी’ म्हणून दम घेतला, की कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम येतो. तो तिथे नको. ‘पाणी येणार नाही, टाकी धुवायची आहे’ हे मराठीत चालते. पण इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडत नाहीत. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘बिकॉज’ हवे.

मग कसोटी कोणती? नोटिशीतल्यासारखा मधला मजकूर काढून पाहावा. उरलेले वाक्य आपल्याला म्हणायचे तेच सांगत असेल, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यावेत. नसेल, तर एकही नको. दम कुठे लागतो, हे तिथे विचारूच नये.