अर्ध्याचा हिशेब
पेशीतून तिच्यासारखीच पेशी कशी निपजते, हे जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली ग्रंथरूपाने मांडले. सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या डिंभातील पेशी रंगवून त्यांनी दाखवले की, केंद्रकातील धागे, म्हणजे आजची गुणसूत्रे, उभी दुभंगतात आणि प्रत्येकाचा एकेक पदर दोन्ही कन्यापेशींना मिळतो. गुणसूत्रांची संख्या कायम राखणारे हे सूत्री विभाजन होय.

मात्र हाच गुण प्रजननात पेच निर्माण करत होता, कारण फलनात दोन केंद्रके एकत्र येतात हे ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्येच पाहिले होते आणि त्या हिशेबाने गुणसूत्रे दर पिढीला दुप्पट व्हायला हवी होती. बेल्जियमचे एदुआर व्हान बेनेडेन यांनी १८८३ साली घोड्याच्या आतड्यातील जंत निवडला, आणि ही निवड मोलाची ठरली. त्याच्या फलित अंड्यात गुणसूत्रे अवघी ४, मोठी आणि सुटी दिसणारी, त्यांपैकी २ अंड्याकडून तर २ शुक्रपेशीकडून आलेली. दृष्टी अधू झाल्याने सूक्ष्मदर्शकापासून दुरावलेल्या ऑगस्ट वाइसमान यांनी १८८७ साली केवळ तर्काने सांगितले की, युग्मके, म्हणजे अंडपेशी व शुक्रपेशी, तयार होताना संख्या निम्मी करणारे विभाजन झालेच पाहिजे. जीवशास्त्रात निरीक्षणाच्या पुढे धावलेला इतका अचूक तर्क विरळाच.

'घट' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या विभाजनाला १९०५ साली नाव मिळाले. मराठीत ते अर्धसूत्री विभाजन होय. त्यात गुणसूत्रे एकदाच दुपदरी होतात, विभाजने मात्र लागोपाठ दोन होतात. पहिल्यात आईकडची आणि वडिलांकडची समजात, म्हणजे एकाच जोडीतली गुणसूत्रे, परस्परांपासून दुरावतात, पण प्रत्येकाचे दोन पदर एकत्रच राहतात. दुसऱ्यात ते पदर सूत्री विभाजनाप्रमाणेच सुटतात. मानवाची ४६ गुणसूत्रे २३ होतात ती पहिल्याच टप्प्यात, आणि दोन प्रकारांतला खरा भेद तिथेच आहे.

याच टप्प्यात जोडीदारांमध्ये फुलीसारखे सांधे दिसतात. तिथे तुकड्यांची अदलाबदल होत असावी, हे फ्रान्स यानसेन्स यांनी १९०९ साली सुचवले आणि हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ साली मक्यावर सिद्ध केले.

पदर पहिल्या टप्प्यात का सुटत नाहीत, याचे उत्तर मात्र फार उशिरा हाती आले: त्यांना जखडणाऱ्या कोहेसिन या प्रथिनाचे गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे दोन पदरांच्या सांध्यापाशी, रक्षण करणारे शुगोशिन हे प्रथिन २००४ साली जपानी संशोधकांना यीस्टमध्ये सापडले. स्त्रीच्या अंडपेशीत हे विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होऊन कित्येक वर्षे थबकलेले असते. तेवढा काळ ही पकड टिकावी लागते, आणि वयानुसार ती सैल होणे हे गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीचे एक प्रमुख कारण मानले जाते.